दुतोंडी पान

"ताई, लिंक कुठाय? नुसती लाल पट्टी आली," एवढंच बारकीनं लिहिलं होतं. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला चहाचा कप टेबलावर आपटला आणि त्याचा कान तुटून बोटात राहिला. शेजारच्या टेबलावरची पोरगी दचकली. "अगं बाई, झालं काय?" "काही नाही, कप आधीच तडकलेला होता," असं मी सांगितलं, आणि ते धडधडीत खोटं होतं. सांगायचं तरी काय तिला? ज्या मेल कंपनीचा पगार मी खाते, त्याच कंपनीनं मी माझ्या सख्ख्या बहिणीला पाठवलेली मेल वाटेत धरून आतली लिंक काढून घेतली होती आणि जागेवर लाल पट्टी चिकटवली होती: 'या मेलमधली एक लिंक आपल्या सुरक्षिततेसाठी काढून टाकण्यात आली आहे.' ते वाक्य मला पाठ आहे. मी दिवसभर तेच तर लोकांना पाठवते. फुलवाला, गाण्याच्या क्लासची बाई, जुन्या गाड्या विकणारा, कुणीही विचारतं, "आमची लिंक का अडवली हो?" आणि मी तयार वाक्यांच्या यादीतून एक वाक्य उचलून त्याच्या अंगावर टाकते. माणूस चिडतो, शिव्या देतो, मी दुसरं वाक्य टाकते. आपल्या सुरक्षिततेसाठी. बोटात अडकलेल्या कपाच्या कानाकडे मी बघत बसले आणि मला वाटलं, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याच्या कानाखाली जाळ काढावा.

लिंक विणकामाची होती. म्हणजे वरून विणकामाची. उघडली की स्वेटर, मोजे, लोकरीचे रंगीबेरंगी गुंडे, एक सुलट एक उलट, सगळं साग्रसंगीत. पण त्या गुंड्यांतल्या काळ्या गुंड्यावर बोट दाबून धरलं की विणकाम बाजूला सरायचं आणि मागचं पान दिसायचं. घर सोडायचं असलेल्या बायकांसाठीचं पान. त्यात एक फोन नंबर असायचा आणि तो सारखा बदलायचा. त्या नंबरावर बाईनं स्वतः फोन करायचा, दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं केलेला त्यांना चालायचा नाही, मी करून बघितला होता, पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "त्यांनाच करू दे ना. निघायचंय त्यांना, तुम्हाला नाही." मला त्या गोड आवाजाचाही राग आला होता. फोन झाला की गाडी यायची आणि बाईला घेऊन जायची, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. आणि मध्येच नवरा खोलीत आला, तर कुठंही बोट लावलं की पान झटकन मिटून परत मोजे आणि स्वेटर. जिनं कुणी हे केलं होतं तिनं मार खाल्लेला असणार. त्याशिवाय असलं सुचत नाही.

बारकीचा नवरा दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. माणूस बोलायला असा मऊ की पेशंट खुर्चीतून उठताना त्याला आशीर्वाद देऊन जातात. बारकीला तो तोंडावर मारत नाही, तोंड हा त्याचा धंदा आहे. पाठीत, मांडीवर, केसांच्या आत, जिथं कपडा आणि केस झाकतात तिथं. तिचा फोन संध्याकाळी त्याच्या हातात जातो, फोनवर बोलताना स्पीकर लावून बोलायचं, मेल तो दुपारी जेवताना वाचतो, पेपर वाचावा तशी, अगदी निवांत. विणकामाला त्याची ना नव्हती. बायकोनं खाली मान घालून काहीतरी विणत बसावं हे त्याला पसंतच होतं. मी बोलावलेले पोलीस आले होते एकदा. त्यांच्यातल्या एकाची दाढ त्यानं फुकट बघून दिली. त्यानंतर मला त्या घराची दारं बंद झाली. शेवटची भेटली बारकी ती कपड्यांच्या दुकानात, कपडे घालून बघायच्या खोलीत. तो पडद्याबाहेर बायकोची पर्स धरून उभा, आणि आत आम्ही दोघी एका आरशासमोर. तिनं झंपर वर केला, तिची पाठ मी बघितली. मी तिच्या कानाला लागून कुजबुजले, "विणकामाची लिंक पाठवते. काळा गुंडा. दाबून धर." तिनं मान हलवली. मग मोठ्यानं म्हणाली, "हा घट्ट होतोय गं खांद्यात." बाहेरून तो म्हणाला, "मोठा मागवू का?" किती काळजी! तो पडदा फाडून, त्याच्या गळ्याभोवती आवळून, त्याचे डोळे बाहेर येईपर्यंत धरावा असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, माझ्या बोटांना तो पडदा जाणवला. माझं हे नेहमीचं आहे. आमचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा. केसासारख्या बारीक स्प्रिंगा चिमट्यानं उचलणारा हात, तोच हात आईच्या कानावर पडायचा, आणि त्यानंतर तो परत शांतपणे चिमटा उचलायचा. आई न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये. बारकी पलंगाखाली. आणि मी? मी एकदा त्याच्या कामाची छोटी हातोडी उचलून त्याच्या मनगटावर घातली. हाड वाजलं. मला वाटलं आता आपण संपलो. पण तो मनगट धरून हसायला लागला, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि आईला म्हणाला, "बघ, ही खरी माझी पोरगी." त्या दिवसापासून त्यानं मला बोट लावलं नाही, उलट बाजारातून माझ्यासाठी वेगळा खाऊ आणायला लागला. मी तो खायचे. पलंगाखालून बारकी आम्हां दोघांकडे बघत असायची.

नियम करणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात. आम्ही खालच्या मजल्यावरचे, लोकांच्या शिव्या खाणारे. कुठली लिंक का अडते हे आम्हांला कळत नाही. कळलं तर आम्ही बाहेर फोडू, असा वरच्यांचा समज. आणि कंपनीला मोठा अभिमान, की इथं घरच्या माणसाला मागचं दार नाही. म्हणजे मीही बाहेरच्या फुलवाल्यासारखी रीतसर तक्रार करायची, अडलेली मेल सोबत जोडायची आणि वाट बघायची. तक्रार मी केली. वाट बघणं मात्र माझ्या रक्तात नाही. जिना चढून मी सरळ वर गेले. तिथं एक गृहस्थ आहे, त्याला सगळे नियमवाला म्हणतात. लिंका अडवायचे निम्मे नियम त्याचेच. सभ्य माणूस, कोमट पाणी पिणारा, कुणी आलं की खुर्ची पुसून देणारा. मला बघून तो उठलाच. "या मॅडम, या. तुम्ही खालच्या ना? बोला." मी म्हटलं, "माझ्या बहिणीला विणकामाची लिंक जात नाहीये. साधं विणकाम आहे. काय घोडं मारलंय त्यानं तुमचं?" यापुढचं मी बोलले नाही. सख्ख्या बहिणीला नवरा मारतो, हे माझ्या जिभेवर कधी येतच नाही. लाज वाटते म्हणा. मला मारता येतं आणि तिला मार खावा लागतो, याची लाज.

"बघूया की, आत्ता बघूया," म्हणून त्यानं हात चोळले. असलं काही सापडलं की त्याला भूक लागल्यासारखं होतं. त्यानं मला यंत्र दाखवलं, मोठ्या पडद्यावर. कुठलीही लिंक आली की हे यंत्र आधी स्वतः ती उघडून बघतं. कधी फोन होऊन, कधी कॉम्प्युटर होऊन, कधी म्हाताऱ्या माणसासारखं सावकाश, कधी पोरासारखं भराभर. पानावर जे जे दाबता येईल ते ते दाबून बघतं. "एक तोंड यंत्राला आणि दुसरं माणसाला दाखवणारी पानं असतात, मॅडम. आम्ही त्यांना दुतोंडी म्हणतो. वर बँकेचं चित्र आणि खाली चोर. दुतोंडी दिसलं की आपण धरतोच. त्यात सोडायचं काही नसतं." पडद्यावर लोकरीचे गुंडे आले. यंत्राची खूण लाल गुंड्यावर गेली, दाबला, सोडला. पिवळ्यावर गेली. थांबव ते, असं मी म्हणायला हवं होतं, पण कुठल्या तोंडानं? खूण काळ्यावर आली आणि दाबून राहिली, आणि विणकाम बाजूला सरलं. भर ऑफिसात, चहा पीत बसलेल्या माणसांच्या समोर, भिंतीएवढ्या पडद्यावर ते पान उघडं पडलं. 'निघायचं आहे? घाई करू नकोस. आधी दार कुठं आहे ते बघ.' खाली नंबर. मला असं वाटलं की कुणीतरी दुकानातला तो पडदा ओढला आणि बारकी तिथं झंपर वर करून सगळ्यांसमोर उभी आहे.

"अरेच्चा," नियमवाला म्हणाला. त्यानं पूर्ण वाचलं. चष्मा वर केला, परत वाचलं. "हे तर काहीतरी बायकांसाठीचं दिसतंय. चांगलं काम आहे की."

"मग सोडा ना लिंक."

"सोडतो की. पण मला एक कळत नाही मॅडम, काम चांगलं आहे तर लपवायचं कशाला? उजळ माथ्यानं सांगावं. चांगल्या कामाला लाजायचं काय कारण?"

त्याची मान माझ्यासमोर होती. नुकते केस कापलेले, मानेवर पावडर राहिलेली. मी त्या मानेकडे बघत होते आणि मला दिसत होतं, मी ती धरलीय आणि त्याचं कपाळ त्या पडद्यावर हाणतेय, एकदा, परत एकदा, काच फुटून चष्म्याच्या काड्या आत रुतेपर्यंत. लाजायचं काय कारण म्हणतोस? माझे हात खरंच वर आले होते. मी ते मागं नेले आणि एकमेकांत अडकवले. "तुम्ही तेवढी सोडा," मी म्हटलं, "माझ्या बहिणीचा हिरमोड होतो." तो हसला. "तुम्ही निर्धास्त जा. खालची माणसं कधी वर येत नाहीत, तुम्ही आलात, बरं वाटलं. मी स्वतः बघतो." मी जिना उतरले तेव्हा बरं वाटत होतं. काम झालं होतं. दुपारी बारकीला लिंक मिळेल, तो पेशंटच्या तोंडात वाकलेला असेल, ती काळा गुंडा दाबेल. मी शेजारच्या पोरीला चहा पाजला. तुटक्या कपाबद्दल तिनं माझी थट्टा केली, मीही हसले. कधी नव्हे ते मला वाटून गेलं की आपण एकदा तरी हात न उचलता काहीतरी निभावलं.

उत्तर आलं ते जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. नियमवाल्यानं यादीतलं तयार वाक्य वापरलं नव्हतं. स्वतः बसून, वेळ काढून, सुरेख भाषेत लिहिलं होतं. 'आपली लिंक अडवण्याचं कारण असं, की या विणकामाच्या पानाखाली दुसरं पान लपवलेलं आहे. काळ्या गुंड्यावर दाब दिल्यास ते उघडतं. ते घर सोडू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी असून त्यात कोणताही धोका नाही. खात्रीसाठी चित्र सोबत जोडलं आहे.' आणि सोबत चित्र. नंबरासकट. आणि शेवटी, 'आमच्या पद्धतीप्रमाणे हे उत्तर मेल पाठवणारा आणि मेल घेणारा अशा दोघांनाही देत आहोत, कारण ज्याची डाक अडली त्यालाही कारण कळण्याचा हक्क आहे. आपल्या बहिणीनं काळजी करू नये.' वर दोन पत्ते होते. एक माझा आणि दुसरा बारकीचा. मी ते दोन पत्ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग घड्याळाकडे बघितलं. डॉक्टरच्या जेवणाची वेळ. तो हात धुऊन वर आला असेल, ताटाशेजारी तिचा फोन उभा करून ठेवला असेल.

फोन केला. वाजला, वाजला आणि कुणीतरी कापला. पाण्याची स्टीलची बाटली हातात होती, ती तशीच घेऊन मी पळाले. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, दार हळू लावा की!" मी त्याला असं काही बोलले की त्यानं पुढं तोंड उघडलं नाही. गाडी सिग्नलला थांबायची आणि मी बाटली गुडघ्यावर आपटायचे. घाबरले होते मी, भयंकर घाबरले होते, हे खरं. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि मला ते ओळखू येत होतं. आज मला अडवणारं कुणी नव्हतं. आज मला कारण मिळालं होतं. एवढी वर्षं मी त्या माणसाला मनात मारत आले होते, आंघोळ करताना, भाजी चिरताना, मीटिंगमध्ये मान डोलवताना. कधी इस्त्रीनं, कधी त्याच्याच पक्कडीनं, एकेक दात मोजून. आणि आता मी निघाले होते तर जीव नुसता धडधडत नव्हता, आसुसला होता. बारकी जिवंत असू दे, असं मी म्हणत होते, आणि त्याच श्वासात म्हणत होते, तो घरात असू दे.

दवाखान्यात पेशंट मासिकं चाळत बसले होते. त्यांच्यामधून मी आतल्या जिन्यानं वर गेले. दार त्यानंच उघडलं. गळ्यात मास्क, हातात नॅपकिन. "या ताई. बऱ्याच दिवसांनी." त्याच्यामागं स्वयंपाकघराच्या जमिनीवर, भिंतीला टेकून बारकी बसली होती, तोंडावर टॉवेल दाबून. टॉवेल पांढरा होता आणि मधोमध लाल भिजलेला. या वेळी त्यानं तोंड सोडलं नव्हतं. जेवणाचं ताट टेबलावर अर्धं खाल्लेलं. "तुमच्या कंपनीची कमाल आहे हं," तो म्हणाला, "मागितलं नसताना सगळं समजावून सांगतात. चित्रासकट." आणि तो खरंच कौतुकानं हसला.

पहिला घाव मी त्याच्या हसण्यावर घातला. बाटली भरलेली होती. आवाज झाला तो मी आधी एकदाच ऐकला होता, लहानपणी, मनगटाचा. तो खुर्चीवर कोलमडला, खुर्ची टेबलावर, आणि मी त्याच्या अंगावर. तो "अहो, अहो," म्हणत होता, शेवटपर्यंत अहोजाहो. मी त्याला पाठीत मारलं, मांडीवर मारलं, केसांत मारलं, जिथं जिथं मी बारकीचं बघितलं होतं तिथं तिथं. हात आपोआप जागा शोधत होता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. असा आनंद मला कुणाला जवळ घेऊन झालेला नाही. तो पोटाशी पाय घेऊन लहान झाला, हात डोक्यावर धरले, "पुरे" म्हणाला, आणि मला ते पुरे झालं नाही. कुणीतरी मला हाक मारत होतं. "ताई! ताई, बस कर! मरेल तो!" माझ्या दंडाला कुणीतरी धरलं आणि मी त्याच झपाट्यात वळले, बाटली वर उचललेली.

बारकी होती. तिनं दंड सोडला आणि खाली बसली, गुडघ्यांत मान घालून, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं बाहेर. तिच्या शेजारी जमिनीवर तो तसाच पडला होता. तिला शिकवावं लागलं नव्हतं. मी मारणारच असं तिनं धरलंच होतं, आणि देवाशपथ, मी थांबले असते की नाही ते मलाही सांगता येत नाही. बाटली हातातून पडली आणि घरंगळत ओट्याखाली गेली. मी म्हटलं, "बारके, अगं मी आहे." ती हातांच्या आडून म्हणाली, "दिसतंय मला."

मग ती उठली. तिचा वरचा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात गेला होता, त्यामुळे शब्द सुटे सुटे येत होते. कपडे धुवायच्या यंत्रात तिनं हात घातला आणि एक पिशवी बाहेर काढली. पायात बूट घातले, नाडी नीट बांधली. मी म्हटलं, "चल, माझ्याकडे चल, टॅक्सी करू." ती म्हणाली, "मी फोन केलाय." "कुणाला?" "त्या नंबरावर. मेल मी आधी वाचली, न्हाणीघरात. चित्रात नंबर होता. पुसायच्या आत यानं फोन घेतला आणि वाचली." मी विचारलं, "म्हणजे मी यायच्या आधीच?" "हो. मार खाल्ला तो गाडी येईपर्यंत वेळ काढायला. दात गेला, पण वेळ निघाला. तू मध्ये आलीस." तिनं हे रागानं म्हटलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं तसं म्हटलं. जमिनीवरून तो कण्हला आणि तिनं त्याच्याकडे वाकून बघितलं, श्वास चालू आहे ना ते बघितलं, आणि त्याचा फोन उचलून रुग्णवाहिका बोलावली, पत्ता न चुकता सांगितला. मग माझ्या अंगाला अंग लागू न देता, भिंतीकडेनं, ती जिना उतरली. बापाच्या खुर्चीमागून जायची तशी.

मागच्या गल्लीत साधी करडी गाडी उभी होती. एक प्रौढ बाई उतरली, बारकीचं तोंड बघितलं, काही विचारलं नाही, आपल्याजवळचा स्वच्छ रुमाल दिला. पिशवी आत ठेवली. फोनवरचा तो गोड आवाज हिचाच, मी लगेच ओळखला. माझ्याकडे, माझ्या बाह्यांवरच्या रक्ताकडे तिनं एकदा बघितलं आणि बारकीला विचारलं, "घरचं कुणी आहे का, ज्यांना तुमचा ठावठिकाणा कळवलेला चालेल?"

मी पुढं झाले. माझ्याशिवाय होतं कोण तिला? आई गेलेली, बाप गेलेला. बारकीनं रुमाल तोंडावरून काढला.

"ही माझी बहीण," ती म्हणाली, आणि तो गेलेला दात सांभाळत, सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत पुढं म्हणाली, "हिलाही नका देऊ पत्ता."

बाईनं मान हलवली. दार लागलं, हळू लागलं. बारकी काचेतून समोर बघत होती, माझ्याकडे नाही. तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर आहे हे मला तिथल्या तिथं कळलं, आणि कळलं तशी माझी मूठ वळली. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी ती मूठ मला उघडता येईना.